भिजलेली पुस्तकं, दोन विजोड पोरं आणि चार खर्डे

कुमारवयीन वाचकांसाठी प्रेमकादंबरी लिहायला घेतली की पहिल्यांदा हात जातो तो जोडीकडे. एक हुशार, एक वाया गेलेला. एक बडबडी, एक घुमा. पहिला खर्डा मीही तसाच सुरू केला आणि चाळीस पानांत अडकलो, कारण नुसत्या उलट स्वभावातून चारपाच प्रसंग निघतात. तिने टोमणा मारायचा, त्याने उडवून लावायचा, तिने रागवायचं. पाचव्यांदा तेच झालं की वाचक पानं उलटायला लागतो.

विजोड जोडीची गोष्ट पेलतो तो खुंटा. ही दोन पोरं एकमेकांना टाळून निघून का जात नाहीत, याचं उत्तर पक्कं हवं. स्वभाव नंतर बघता येतात.

खुंटा निवडताना मी चार कसोट्या लावल्या. दोघांपैकी कोणीही सोडून गेलं तर त्याचं काहीतरी मोठं नुकसान व्हावं. भेट रोज किंवा जवळजवळ रोज व्हावी. काम हातांचं असावं, म्हणजे बोलणं सुचलं नाही तरी प्रसंग चालू राहतो. आणि त्या कामाला शेवटची तारीख असावी. बंद पडलेली लिफ्ट पहिल्या कसोटीला उतरते, पण एका रात्रीत संपते. ती कथेला पुरते, कादंबरीला नाही. वर्गातला गटप्रकल्प तर फारच भुसभुशीत. दोघांतला एकजण वैतागून रात्रीत सगळं उरकू शकतो, आणि हे वाचणाऱ्या पोरांना पक्कं ठाऊक असतं, कारण त्यांनी ते केलेलं असतं. शिक्षा म्हणून एकत्र बसवणं थोडं बरं, पण बसण्यात हाताला काम नाही.

शेवटी ठरलं ते असं. शाळेच्या ग्रंथालयात छताखालचा पाण्याचा पाइप रात्री फुटतो आणि दोन कपाटांतली ६४० पुस्तकं भिजतात. दाखल नोंदवही शाईने लिहिलेली, तीही धुऊन निघते. रेवा, वय १६, ग्रंथालयाची विद्यार्थी प्रमुख. तिला शिष्यवृत्तीसाठी मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र हवंय. ओंकार, वय १७, एक वर्ष नापास होऊन तिच्या वर्गात आलेला. एक पुस्तक दोन वर्षं परत न केल्यामुळे त्याला ग्रंथालयात यायलाच बंदी. दंड भरायच्या बदल्यात त्याने काम करायचं. तिला पत्र हवं म्हणून ती जाऊ शकत नाही, त्याला परीक्षेचं प्रवेशपत्र अडकलंय म्हणून तो जाऊ शकत नाही.

या कामाचा एक फायदा सुरुवातीला लक्षातच आला नव्हता. ओल्या पुस्तकांना स्वतःची घाई असते. साधारण ४८ तासांनंतर बुरशी धरायला लागते, म्हणून पहिले दोन दिवस कोणाला रुसायला वेळच नाही. पुस्तक उभं करून पंख्यासारखं उघडायचं, दर दहापंधरा पानांमागे टिपकागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं सगळ्यांत आधी घ्यायची. ती मिटलेली वाळली तर पानं एकमेकांना चिकटून वीट होते आणि मग सुटत नाहीत. हे एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यावर दोन प्रकरणं उभी राहिली. मी ते ज्ञान ओंकारला दिलं. पुस्तक परत न करणारा पोरगा पुस्तक वाचवायचं कसं ते जाणतो, आणि ग्रंथालयाची प्रमुख जाणत नाही. इथे ‘विजोड’ या शब्दाला पहिल्यांदा दात फुटले.

मग दिनदर्शिका. ही पायरी बरेचजण गाळतात आणि दुसऱ्या खर्ड्यात रडतात. ९ दिवस वाळवण; नंतर रोज २० पुस्तकं ताडून नव्या वहीत चढवायची, म्हणजे ६४० ला ३२ दिवस. एकूण ४१. एका मोठ्या कागदावर ४१ चौकोन आखले, प्रत्येकात वार लिहिला, सुट्ट्या आणि परीक्षा टाकल्या, सूर्यास्ताची वेळसुद्धा लिहिली. सुट्टीच्या दिवशी शाळा उघडी कशी, हा प्रश्न तिथेच पकडला गेला. तसंच चौदाव्या दिवशी रेवाचा हात दुखावलेला आणि पंधराव्या दिवशी ती त्याच हाताने शिडीवरून पुस्तकं खाली देतेय, हेही. कागदावर न मांडता असल्या चुका सापडत नाहीत, कारण लिहिणारा एका प्रकरणातून दुसऱ्यात जाताना मध्ये आठवडा घालवतो आणि वाचक दहा मिनिटं.

लांबीचा हिशेब करताना इंग्रजीतला आकडा उचलू नये. तिकडे या प्रकारची कादंबरी साधारण ६० ते ८० हजार शब्दांची मानतात. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. ‘टेबलाखालच्या’ हा आपला एक शब्द, त्यांचे तीनचार. म्हणून तेवढाच मजकूर आपल्याकडे बराच कमी शब्दांत बसतो. मी २४ प्रकरणं, प्रत्येकी १९०० शब्दांच्या आसपास, असं धरलं; होतात साडेपंचेचाळीस हजार. रोज ५०० शब्द म्हणजे ९१ दिवस. रोज हजारचा संकल्प करू नये. चौथ्या दिवशी मोडतो, आणि मोडला की आठवडा जातो.

आता आवाज. दोघांनी आळीपाळीने ‘मी’ म्हणून सांगायचं, हा या प्रकारातला रुळलेला साचा. मराठीत त्याची मजा वेगळी आहे. ‘मी आत गेले’ म्हटलं की मुलगी, ‘मी आत गेलो’ म्हटलं की मुलगा; प्रकरणावर नाव छापायचीही गरज नाही. पण हीच सोय घात करते. क्रियापद ओळख पटवून देतंय म्हणून लेखक निर्धास्त होतो आणि बाकी सगळं दोघांचं सारखंच येतं. त्यासाठी एक चाचणी आहे. प्रत्येक निवेदकाचे दहा परिच्छेद घ्यायचे, ‘गेलो-गेले’ असली क्रियापदं काढून ‘मी उचललं’, ‘मला दिसलं’, ‘मी म्हटलं’, ‘मी जाईन’ अशी लिंग न सांगणारी रूपं घालायची, वीसही परिच्छेद पत्त्यांसारखे पिसायचे आणि दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यायचे. वीसपैकी सोळा तरी ओळखू यायला हवेत. माझे पहिल्यांदा अकरा आले, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच.

उपाय स्वभाववर्णनात नाही, वाक्याच्या सवयीत आहे. रेवा मोजते: किती पायऱ्या, किती पुस्तकं, किती वेळा तो घड्याळाकडे बघतो. तिची वाक्यं पूर्ण असतात आणि ‘म्हणून’वर वळतात. ओंकार मोजत नाही. तो हाताला काय लागलं ते सांगतो, ओला पुठ्ठा, गार नळ, आणि वाक्य मधेच सोडून देतो. त्याच्या प्रकरणांतून ‘कारण’ हा शब्द मी जवळजवळ हद्दपार केला. पुढे पंधराव्या प्रकरणात तो पहिल्यांदा ‘कारण’ म्हणतो तेव्हा काहीतरी हललंय हे वाचकाला न सांगता कळतं. निदान मला तसं वाटतं.

काळ भूतच ठेवला. इंग्रजी पुस्तकांच्या सवयीने वर्तमानकाळात लिहायचा मोह होतो, पण ‘मी दार उघडते, तो वळतो’ हे मराठी कानाला रोजच्या सवयीसारखं किंवा नाटकातल्या सूचनेसारखं लागतं. ‘उघडतेय, वळतोय’ केलं तर पानभर ‘तेय-तोय’ची किरकिर. एखादा परिच्छेद चालतो. अख्खी कादंबरी नाही.

संबोधनांवर सगळ्यांत जास्त वेळ गेला. जुन्या प्रेमकथांना ‘अहो’वरून ‘अरे’वर येण्याची आयती पायरी होती. एका वर्गातली पोरं पहिल्या दिवसापासून ‘तू’च म्हणतात, म्हणजे ती पायरी गेली. पण शोधलं तर दुसऱ्या सापडतात. तो तिला आधी आडनावाने हाक मारतो, मुलं एकमेकांना मारतात तशी. त्यात अंतरही आहे आणि थोडी बरोबरीही. ती त्याला हाकच मारत नाही, ‘ए’ म्हणते किंवा वहीवर टकटक करते. मग ती ‘ओंकार’ म्हणते, पण फक्त तिसऱ्या माणसासमोर. मग ‘अरे’. मग त्याचं ‘अगं’, आणि ते तोंडून निसटल्यावर तो स्वतःच दचकतो. ही शिडी मी भिंतीवर चिकटवली होती, प्रकरण क्रमांकांसह. तरी तिसऱ्या खर्ड्यात सातव्या प्रकरणात एक ‘अगं’ सापडलं, जे अकराव्याआधी यायलाच नको होतं.

कबुलीचं वाक्य ही आपल्या भाषेतली खरी अडचण आहे. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे व्याकरणाने निर्दोष आणि सोळा वर्षांच्या तोंडी अशक्य. ‘आय लव्ह यू’ पोरं म्हणतात, पण बहुतेकदा चेष्टेत किंवा फोनवर टाइप करून. गंभीर प्रसंगात ते उसनं वाटतं. ‘तू मला आवडतेस’ चालतं, फक्त ते फार लवकर खर्च होतं. मी तिन्ही वापरून पाहिली आणि तिन्ही काढली. कबुली कामातूनच निघाली. वहीत रोज २० नोंदींचा नेम असताना ओंकार एक दिवस १९ वर थांबतो आणि विसावं पुस्तक उद्यासाठी ठेवतो. मोजणाऱ्या मुलीला ते कळणारच. प्रसंग अर्ध्या पानाचा आहे, त्यात ‘प्रेम’ शब्द नाही.

शारीरिक जवळीक किती, हा प्रश्न असतोच. पात्रं अल्पवयीन आहेत आणि वाचकही. ओल्या पुस्तकाच्या दोन टोकांना दोघांचे हात, एवढ्यावर जेवढा ताण उभा राहतो त्याहून जास्त या गोष्टीला लागत नाही. जिथे लागतोय असं वाटतं तिथे बहुधा प्रसंगच पोकळ असतो.

बोलीतले फॅशनचे शब्द थोडेच घेतले. पोरांची भाषा दोनतीन वर्षांत कात टाकते, आणि शिळा फॅशनचा शब्द न घेतलेल्या शब्दाहून वाईट. वाक्याची लय पोरांची ठेवली, शब्द बरेचसे टिकाऊ. फोनचंही तसंच. या वयाच्या गोष्टीतले निम्मे गैरसमज एका निरोपात मिटतात, म्हणून फोन काढून घ्यायचा मोह होतो. रेंज नाही, बॅटरी गेली, पाण्यात पडला. एकदा चालतं. त्यापेक्षा निरोप पोचू द्यावा, वाचल्याची खूण दिसू द्यावी, आणि उत्तर येऊ नये. ते जास्त झोंबतं.

मधला भाग सगळ्यांचाच बसतो. माझा नऊ ते पंधरा या प्रकरणांत बसला. कारण बघितलं तर सोपं होतं: वाळवण संपलं, नोंदी सुरू झाल्या, रोज तेच टेबल, तेच दोघं, आणि प्रत्येक प्रकरणाअखेर ती थोडी आणखी जवळ. एकाच दिशेने चढणारा जिना कंटाळवाणा असतो. प्रत्येक प्रसंगासाठी एक पत्ता केला, त्यावर तीन ओळी: कोणाला काय हवंय, काय अडलं, शेवटी कोणाला कोणाबद्दल नवीन काय कळलं. तिसरी ओळ ज्या पत्त्यांवर कोरी राहिली ते नऊ प्रसंग काढले. प्रसंग गोड होते. दोघं पावसात अडकतात असाही एक होता. पण नवीन काही कळत नव्हतं. उरलेल्यांत दर तिसऱ्या प्रकरणाला एक पाऊल मागे टाकलं, आणि ते मागे जाणं नवीन कळण्यातूनच आलं पाहिजे अशी अट घातली. ती त्याच्या वहीत आपल्याबद्दल काहीतरी वाचते, असं नाही. तो नापास झाला तेव्हा कोणत्या दोन विषयांत झाला ते तिला कळतं, आणि त्यातला एक तिचा सगळ्यांत आवडता निघतो. तिने पहिल्यांदा कीव केली, आणि त्याने ती ओळखली.

मोठी माणसं गायब करू नयेत. पण त्यांनी गाठ सोडवूही नये. ग्रंथपालबाई पहिल्या खर्ड्यात दर चार प्रकरणांनी शहाणपणाचं एकेक वाक्य बोलत होत्या. आता त्या फक्त टिपकागद कुठे आहे ते सांगतात आणि संध्याकाळी सहाला दिवे बंद करतात. पात्र सुधारलं. पहिल्या खर्ड्यात ओंकारला एक वारलेला भाऊही होता आणि न परत केलेलं पुस्तक त्याची आठवण म्हणून ठेवलेलं. तो काढला. मेलेला भाऊ म्हणजे बहुतेक वेळा लेखकाचा आळस असतो. वागण्याचं कारण हाताशी नसलं की एक मृत्यू आणून ठेवायचा. आता त्याने पुस्तक परत केलं नाही कारण त्याला ते हवं होतं, आणि मग उशीर झाला, आणि मग इतका उशीर झाला की जाणंच अवघड झालं. हे प्रत्येक वाचकाला स्वतःहून ठाऊक आहे.

फाटाफूट कशाने, यावर दोन खर्डे खर्ची पडले. पैज, ऐकीव गोष्ट, तिसऱ्या मुलीबरोबर दिसणं, हे सगळं बाहेरून आणून ठेवलेलं. फाटाफूट दोघांच्या सुरुवातीच्याच गरजांतून यायला हवी. दुसऱ्या प्रकरणात फुटलेल्या पाइपखाली एक बादली सापडते, भरून वाहिलेली. म्हणजे आदल्या संध्याकाळी गळती कोणाच्या तरी लक्षात आली होती. तो ओंकार. बंदी असताना खिडकीतून आत आला होता, थेंब पडताना पाहिले, बादली ठेवली आणि कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आत कसा आलास हे आलं. आणि घटनेचा अहवाल लिहायचं काम रेवाकडे, ज्या अहवालावर तिचं पत्र अवलंबून.

इथे एक तांत्रिक चूक सुधारावी लागली. बादलीचं गुपित मी सतराव्या प्रकरणापर्यंत राखून ठेवलं होतं. पण ओंकार स्वतः ‘मी’ म्हणून सांगतोय. सोळांतली निम्मी प्रकरणं त्याच्या डोक्यात राहून वाचकाला हे कळू नये, म्हणजे लेखकाने हात बांधून ठेवलेत. वाचकाला फसवल्यासारखं वाटतं आणि ते खरंच असतं. गुपित पाचव्या प्रकरणात आणलं. धक्का गेला, पण त्यानंतर रेवा जेव्हा जेव्हा त्या बादलीकडे बघते तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा येतो, आणि हा गोळा बारा प्रकरणं टिकतो. कोणाला काय, कोणत्या प्रकरणात कळलं याचा तक्ता इथे हवाच. तीन रकाने: ती, तो, वाचक.

बांधणीतला सगळ्यांत मोठा बदल खुंट्याचाच होता. पहिल्या खर्ड्यात ४१वा दिवस शेवटच्या प्रकरणात येत होता. काम संपलं, प्रेम जुळलं, पुस्तक संपलं. नीट बसत होतं, पण काहीतरी खोटं होतं. जोवर भेटणं सक्तीचं आहे तोवर ती भेटतात याला काही अर्थ नाही. प्रवेशपत्रासाठी तो कोणाबरोबरही बसला असता. म्हणून ४१वा दिवस अठराव्या प्रकरणात ओढला. अहवाल गेला, पत्र आलं किंवा नाही आलं, प्रवेशपत्र सुटलं. आता भेटायला काहीच कारण नाही, आणि पुढे सहा प्रकरणं आहेत. ही सहा लिहायला सगळ्यांत अवघड गेली. दोघांच्या वाटा शाळेत एकमेकींना कुठे कुठे लागू शकतात याचा नकाशा काढावा लागला, आणि त्यातली प्रत्येक जागा दोघांनी टाळायची की नाही हे ठरवावं लागलं.

पहिला खर्डा झाल्यावर चार आठवडे बाजूला ठेवला. दुसऱ्यात फक्त बांधणी, एकही वाक्य सुंदर करायचं नाही. तिसऱ्यात आवाज. चौथ्यात भाषा, आणि मोठ्याने वाचन: मिनिटाला साधारण १४० शब्द धरले तर साडेपंचेचाळीस हजारांना साडेपाच तासांच्या आत वाचन होतं, दोन बैठकांत. जीभ अडखळली की खूण करायची, थांबून दुरुस्त करायचं नाही.

शोधयादीही केली: ‘अचानक’, ‘हळूच’, ‘हसला’, ‘श्वास’, ‘काळजात’. ‘हसला-हसली’ मिळून १८३ वेळा निघालं, ४० वर आणलं. शोधताना देवनागरीची एक खोड लक्षात ठेवावी लागते. ‘दुसऱ्या’मधला र्‍ दोन पद्धतींनी टंकता येतो, पडद्यावर तंतोतंत सारखा दिसतो, पण संगणकाला ते वेगळे शब्द. एकच रूप शोधलं तर निम्म्या जागा निसटतात. आधी सगळीकडे एकच रूप करून घ्यावं, मग मोजावं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर असेल तर जोडाक्षरं एकदा डोळ्यांनीच तपासायची; यंत्रावर सोडू नये.

वाचायला पाच पोरांना दिला, १५ ते १८ वयाच्या. ‘आवडलं का’ विचारलं तर सगळे हो म्हणतात, मोठ्यांशी बोलायची ती रीतच आहे. त्याऐवजी रुंद समास ठेवून छापून दिला आणि एवढंच सांगितलं: जिथे खाली ठेवलास तिथे रेघ मार. बाकी काही लिहायचं नाही. पाचांपैकी चौघांची रेघ बाराव्या प्रकरणात, दीड पानाच्या आत पडली. तिथे रेवा स्वतःच्या भावनांचं नीट विश्लेषण करत होती. दीडचं अर्धं पान केलं.

चौविसाव्या प्रकरणानंतर ‘पाच वर्षांनी’ असा एक उपसंहार होता, दोन हजार शब्दांचा. तो पूर्ण गेला. आता शेवटी ओंकार ते पुस्तक घेऊन येतो. त्या कपाटातलं एकमेव कोरडं पुस्तक, कारण ते त्याच्या घरी होतं. रेवा वही उघडते, ६४० च्या खाली ओळ आखते, ६४१ लिहिते, आणि परत केल्याच्या तारखेच्या रकान्यापाशी त्याला विचारते, ‘आजची टाकू?’